फी माफ झाली, भाकरीचे काय?

शाळा सुरू होण्याचे दिवस आले की शिक्षणाच्या प्रश्नावर चर्चेचा हंगामही सुरू होतो. पाठ्यपुस्तके वेळेवर मिळाली की नाही, गणवेशाचे कापड कोणत्या प्रतीचे होते, इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी किती देणगी घेतली, या गोष्टींवर रकानेच्या रकाने भरतात. त्यांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. तथापि, इयत्ता आठवीत पटावर असलेली सगळीच मुले नववीच्या वर्गात का दिसत नाहीत आणि नववीत दिसलेली सगळी दहावीच्या परीक्षेला का बसत नाहीत, या प्रश्नाकडे आपण ज्या सहजतेने पाठ फिरवितो ती चिंताजनक आहे. फी तर केव्हाच माफ झाली, आता शिकत नसतील तर तो त्यांचा आळस, असा एक समज सुशिक्षित वर्गात रूढ झाला आहे. अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला हा समज मुळातच चुकीचा वाटतो. त्याचे खंडन करण्यासाठी परदेशातील ग्रंथ चाळण्याची गरज नाही. सोलापूर जिल्ह्याच्या शेजारीच, साताऱ्यात, १९४० साली उभे राहिलेले एक हायस्कूल त्यासाठी पुरेसे आहे.

साताऱ्यातील हायस्कूल

रयत शिक्षण संस्थेने त्या वर्षी सातारा शहरात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू केले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आदल्याच वर्षी, १९३९ मध्ये, निवर्तले होते. आपल्या संस्थानात १८९३ साली प्रथम अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून सर्वत्र सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या या राजाचे नाव शाळेला देण्यात औचित्य होते. सातारा हे काही हायस्कुलांना पारखे गाव नव्हते. सरकारी हायस्कूल होते. त्याच शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर या बालकाचे नाव दाखल झाले होते आणि अस्पृश्यतेचे चटकेही त्याने त्याच गावात सोसले होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे न्यू इंग्लिश स्कूल विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापासून चालू होते. म्हणजे शाळा होत्या, शिक्षक होते, इमारती होत्या. मग आणखी एका हायस्कुलाचे प्रयोजन काय?

प्रयोजन असे होते की त्या शाळांच्या दारापर्यंत येण्याची ऐपतच बहुसंख्य मुलांत नव्हती. माण, खटाव, वाळवा, पाटण येथील शेतकऱ्याचा मुलगा साताऱ्यात शिकायचा तर त्याला आधी राहायला जागा हवी, दोन वेळा जेवायला हवे, आणि तो घरी नसल्यामुळे जे काम अडणार त्याचा घोर घरच्यांना सोसवला पाहिजे. फी हा या हिशेबातील शेवटचा आणि बहुधा सर्वांत लहान आकडा असे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हा हिशेब अचूक मांडला. नव्या हायस्कुलात फी नाही. राहणे आणि जेवणे संस्थेकडे. आणि त्याच्या बदल्यात विद्यार्थ्याने रोज काही तास अंगमेहनत करावयाची. शेतात राबावे, दगड फोडावा, बांधकामावर हात लावावा, दळण-कांडण आणि स्वयंपाक पाळीपाळीने करावा. कमवा आणि शिका ही योजना ती हीच. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद होते आणि ते केवळ बोधचिन्हावर लिहिण्यापुरते नव्हते.

ही कल्पना १९४० मध्ये एकाएकी सुचलेली नव्हे. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले आणि परतल्यावर स्नान करण्यास नकार दिल्यामुळे त्यांना स्वजातीय बोर्डिंग सोडावे लागले. राजर्षी शाहूंच्या सहवासात त्यांनी वसतिगृहाचे सामर्थ्य पाहिले. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले, आणि नांगर विकत घेणाऱ्याच्या घरात पाटी-पेन्सिलीला थारा का नाही हे त्यांनी ओसरीवर बसून पाहिले. आमच्या विषयातील पाहणीला जे जमत नाही ते फिरत्या विक्रेत्याला कधीकधी जमते! १९१९ च्या ऑक्टोबरात काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे बोर्डिंग निघाले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. तेथे मराठा, महार, मांग, रामोशी, मुसलमान, जैन अशी मुले एका पंक्तीत जेवत. पीठ संपले की लक्ष्मीबाई पाटील अंगावरचे सोने काढून देत. अखेरीस मंगळसूत्रही त्यांनी मुलांच्या भाकरीसाठी खर्ची घातले. १९३० साली त्या गेल्या. दहा वर्षांनी उभ्या राहिलेल्या हायस्कुलाच्या भांडवलात हा दागिना कोणत्या सदरात दाखवावा हे कोणत्याही हिशेबतपासनिसाला सांगता येणार नाही.

न दिसणारा खर्च

अर्थशास्त्रात संधी-परिव्यय नावाची एक कल्पना आहे. एखादी गोष्ट मिळविण्यासाठी जी दुसरी गोष्ट सोडावी लागते, ती सोडण्याची किंमत म्हणजे त्या पहिल्या गोष्टीचा खरा परिव्यय. शिक्षणाला ही कल्पना लावली की फीमाफीचे तोकडेपण तत्काळ ध्यानात येते. आपल्या राज्यात १९५९ पासून आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील मुलांना फीची सवलत मिळू लागली. १९८५-८६ पासून मुलींचे बारावीपर्यंतचे शिक्षण निःशुल्क झाले. ही पावले मोठी होती आणि त्यांच्यामुळे लाखो घरांत पहिला मॅट्रिक, पहिली शिक्षिका, पहिला कारकून निर्माण झाला; हा लेख वाचणाऱ्यांपैकीही अनेकजण त्या सवलतींचे ऋणी असतील. पण फी माफ करणे म्हणजे शिक्षण मोफत करणे नव्हे.

सोलापूर शहराच्या पूर्व भागात जाऊन पाहावे. यंत्रमागाचा खडखडाट आणि उंबऱ्यात विडीचे सूप मांडीवर घेऊन बसलेल्या स्त्रिया हे तेथील नित्याचे दृश्य आहे. विडीची मजुरी हजारी मोजली जाते. आईने पाने कापावीत, मुलीने तंबाखू भरून वळावे, धाकटीने दोरा बांधावा, अशी कामाची वाटणी घराघरांत होते. त्या मुलीची शाळा फुकट आहे. पण ती शाळेत बसते तेव्हा रोजच्या हजार विड्यांत किती कमी पडतात हे तिच्या आईला तोंडपाठ असते. आमच्या वेळापूरच्या परिसरात हाच हिशेब वेगळ्या रूपात आढळतो. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने माळशिरस तालुक्याचा मोठा भाग ऊसकरी झाला, अकलूज आणि माळीनगरच्या कारखान्यांनी येथे पैसा आणला, आणि त्या पैशाच्या पाठोपाठ दरवर्षी बीड-नगरकडून कोयते आले. कोयता म्हणजे येथे हत्यार नव्हे, नवराबायकोची जोडी. जोडीबरोबर मुले येतात. त्यांतले थोरले मूल धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, वाढे गोळा करते. त्याची फी कोणीच मागत नाही. मागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

कायद्यानेही या बाबतीत एक विलक्षण योगायोग साधला आहे. २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि १ एप्रिल २०१० पासून बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा अंमलात आला; परंतु त्याची कक्षा वय वर्षे सहा ते चौदा, म्हणजे पहिली ते आठवी, एवढीच आहे. बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली. चौदा ते अठरा या वयोगटासाठी बंदी आहे ती केवळ धोकादायक धंद्यांपुरती. म्हणजे ज्या वाढदिवशी राज्य मुलाचा शाळेतील हक्क काढून घेते, त्याच वाढदिवशी बाजार त्याच्यासाठी दार उघडतो. इयत्ता नववीचे दार नेमके या दोहोंच्या मध्ये आहे. हायस्कूल या संस्थेचे सारे सामाजिक महत्त्व या एका रेषेवर उभे आहे, आणि साताऱ्याचे ते हायस्कूल हीच रेषा ओलांडण्यासाठी बांधलेला पूल होते.

आता यावर असा आक्षेप येतो, आणि तो क्षुल्लक नाही, की गरिबाच्या मुलाने शिकण्यासाठी दगड फोडावे आणि श्रीमंताच्या मुलाने मात्र गादीवर लोळून शिकावे, हा कसला सामाजिक न्याय? शिक्षण हा हक्क असेल तर त्याचे मोल घामाने का चुकवावे? तत्त्व म्हणून हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु साताऱ्यात काय घडत होते ते नीट पाहिले पाहिजे. तेथे श्रम ही गरिबीची शिक्षा नव्हती. पाळी सर्वांना होती. ज्याच्या बापाच्या हाताखाली गडी राबत, त्या मुलालाही जात्यावर बसावे लागे आणि ज्याच्या हातचे पाणी गावात कोणी पीत नसे, त्याने थापलेली भाकरी सर्वांच्या ताटात पडे. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर आमची जातिव्यवस्था उभी आहे, अंगमेहनतीचा तिरस्कार आणि अन्नाचा विटाळ, त्या दोन्हींवर एकाच वेळी घाव घालणारी ही रचना होती. पंक्तीला बसून जे शिकले जाई ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मिळत नव्हते.

पुढे या योजनेचे जे झाले ते मात्र खेदजनक म्हटले पाहिजे. विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी कमवा आणि शिका ही योजना उचलली खरी, पण ती फक्त गरजू विद्यार्थ्यांसाठी, तासाला अमुक रुपये या दराने. ग्रंथालयातील पुस्तकांवरची धूळ झटकणे, बागेला पाणी घालणे, कार्यालयात टपाल पोचविणे अशी कामे ती मुले करतात आणि त्यांचे वर्गबंधू शेजारून जातात. ज्या क्षणी काम केवळ गरिबाचे झाले, त्या क्षणी योजनेतील न्याय गळून पडला आणि मजुरी तेवढी उरली. तीही बाजारभावापेक्षा कमी. हा दोष मूळ कल्पनेचा नव्हे. कल्पना अर्धी उचलण्याचा आहे.

पैसा कोणाचा?

या शाळेला पैसा कोठून आला, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या माणसाने विचारलाच पाहिजे. काही देणगीदारांकडून, काही सुगीत गावोगाव फिरून गोळा केलेल्या धान्यातून, आणि बराचसा मुलांच्याच श्रमातून. याची परंपरा थेट जोतीराव फुल्यांपर्यंत जाते. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी दाखवून दिले होते की सरकारी तिजोरीतील महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. सार्वजनिक वित्तव्यवहारात कराचा भार कोणावर आणि खर्चाचा लाभ कोणाला, हा जो मूलभूत प्रश्न आम्ही वर्गात शिकवितो, तो या देशात प्रथम रोखठोकपणे विचारणाऱ्यांत हा पुण्याचा शाळामास्तर होता. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. भाऊरावांनी या दोघांचा विचार हायस्कुलाच्या पायरीवर आणून ठेवला. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प त्यांनी सोडला आणि १९५९ च्या मे महिन्यात ते निवर्तले तेव्हा संस्थेची हायस्कुले शंभराच्या वर गेली होती.

स्वातंत्र्यानंतर अनुदान आले, वेतनाची हमी आली, आणि शाळा घामाऐवजी सरकारी तिजोरीवर चालू लागल्या. हे योग्यच झाले. परंतु सरकारने पगार उचलला आणि भाकरी सोडली. वसतिगृहे शाळेपासून तुटली. ती समाजकल्याण खात्याकडे, जातवार आणि प्रवर्गवार, विभागून गेली. एका पंक्तीची जागा अनेक पंक्तींनी घेतली. पुढे तर पगारही जड वाटू लागला. २००१ मध्ये नव्या शाळांसाठी कायम विनाअनुदान हे धोरण आले. त्यातील ‘कायम’ हा शब्द पुसायला २००९ उजाडावे लागले, आणि तोवर ज्यांनी बिनपगारी शिकविले त्या शिक्षकांच्या उमेदीची वर्षे कोणी भरून दिली नाहीत. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसाहाय्यित शाळांना रान मोकळे झाले. आज तालुक्याच्या गावीही तीन प्रकारच्या शाळा दिसतात. ऐपतीप्रमाणे मुले त्यांत वाटली जातात आणि शाहूंनी हुकमाने मोडलेली वेगळी शाळा पैशाच्या वाटेने परत आली आहे. खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखण्याची तरतूद हा या वाटणीवरचा एकमेव कायदेशीर उपाय होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळेला त्यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरविला हे बरे झाले. पण असा बदल करावा असे राज्यकर्त्यांना वाटले, यातच पुष्कळ काही आले.

लहान शाळांचा प्रश्नही याच हिशेबाचा भाग आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या १४ हजारांहून अधिक शाळा राज्यात असल्याचे सांगून २०२३ मध्ये शासनाने समूह शाळांचे प्रस्ताव मागविले. युक्तिवाद असा, की इतक्या थोड्या मुलांमागे दोन शिक्षक म्हणजे दरडोई खर्च अफाट. हा युक्तिवाद पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही मांडावा इतका सोपा आहे आणि तितकाच अपुरा. वाडीतली शाळा बंद केली की खर्च नाहीसा होत नाही. तो सरकारच्या वहीतून पालकाच्या खिशात जातो. एसटीचे भाडे, चुकलेल्या गाडीचा दिवस, मुलीला एकटीला धाडावे की नाही याची धास्ती, हे सगळे दरडोई खर्चातच धरावयास हवे. सरकारच्या ताळेबंदात ते येत नाही म्हणून बचत झाली असे वाटते. भाऊरावांनीही दूरच्या मुलांना एका जागी गोळा केले, पण आधी छप्पर आणि चूल उभी करून. क्रम उलटा केला की एकत्रीकरणाचे नाव गळती होते.

मग करावे काय? वसतिगृहाची सोय शिष्यवृत्तीने भागेल असे म्हणणाऱ्यांनी रकमा पाहाव्यात. दुर्बल घटकांतील मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल रोज एक रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना १९९२ साली आली. तीन दशके तो रुपयाच राहिला. एवढ्या काळात विडीची मजुरीसुद्धा अनेक पटींनी वाढली! निवासासाठी रोख साहाय्य देणारी स्वाधार योजना चांगली आहे, पण ती दहावी उत्तीर्ण झाल्यावर लागू होते. जो दहावीपर्यंत पोचलाच नाही त्याला तिचा उपयोग नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की आठवी ते दहावी या तीन वर्षांसाठी, प्रत्येक तालुक्याच्या गावी असलेल्या एका तरी अनुदानित हायस्कुलाला जोडून, सर्व जातींच्या मुलामुलींचे मोफत वसतिगृह असावे. त्याचा खर्च शिक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात पगाराच्या शेजारी दाखविला जावा. आणि तेथील स्वयंपाकाची व झाडलोटीची पाळी सर्वांना असावी, फी भरू शकणाऱ्यांनाही. पैसा नाही हे उत्तर १९४० साली शोभले असते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये शासनाने संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मिळून ८२ वसतिगृहे व्हावयाची. त्यासाठी निधी उभा राहतो तो गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी दहा रुपये द्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी या तत्त्वावर. योजना मुख्यतः जेथून मजूर निघतात त्या तालुक्यांसाठी आहे आणि ते रास्त आहे. परंतु ज्या तालुक्यांत ऊस गाळला जातो, ज्यांच्या रस्त्यांना, बँकांना आणि महाविद्यालयांना त्या टनांचे पैसे लागले आहेत, त्यांचीही काही जबाबदारी आहे. माळशिरस तालुक्यातून मुद्दाम हे लिहिले पाहिजे. आणि एक तांत्रिक गोष्ट. शाळांचा पट शिक्षकसंख्या ठरविण्यासाठी धरला जातो तो ३० सप्टेंबरचा. त्या दिवशी बीडकडच्या गावांतून ती मुले वर्गात हजर असतात. दसरा होतो, मुकादम उचल घेऊन आलेल्या जोड्या मोजतो, ट्रक भरतात. नववीच्या वर्गातली ती मुले कागदावर वर्षभर तेथेच राहतात आणि दिवाळीच्या सुमारास आमच्या वेळापूर-अकलूजच्या रस्त्यावर, उसाच्या मोळ्यांवर बसलेली दिसतात.